अमेरिकेचा स्वातंत्र्यलढा : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

बॉस्टनला लेकीकडे गेलेले आजी-आजोबा, स्पर्धा परीक्षेचा अभ्यास करणारी मुलं आणि अमेरिकेतल्या शाळेत पाचवीला हा विषय आलेल्या मुलांचे आईवडील, या तिघांकडून मला सतत प्रश्न येतात. तेच ते प्रश्न पुन्हा येतात, म्हणून उत्तरं एका ठिकाणी आणली. ज्याला जो प्रश्न पडलाय त्याने तो थेट वाचावा. एका उत्तराचा धागा दुसऱ्यात गुंतला असेल तिथे प्रश्नाचा क्रमांक दिला आहे.

१. हा लढा नेमका कोणाचा कोणाशी होता? तिथल्या मूळ लोकांनी इंग्रजांना हाकललं का?

नाही, आणि इथेच आपली बहुतेकांची गल्लत होते. आपण १८५७ किंवा १९४२ डोळ्यांसमोर ठेवून हा इतिहास वाचायला घेतो. अमेरिकेत राज्य करणारे आणि बंड करणारे बहुतांशी एकाच वंशाचे, एकाच भाषेचे आणि एकच कायदा मानणारे होते. अटलांटिकच्या किनाऱ्यावर ब्रिटनच्या १३ वसाहती होत्या. १७७५ च्या सुमारास त्यांची लोकसंख्या साधारण २५ लाख होती आणि त्यातला जवळपास पाचवा हिस्सा गुलाम आफ्रिकी लोकांचा होता. गोऱ्या वसाहतकऱ्यांची सुरुवातीची मागणी 'आम्हाला स्वतंत्र करा' अशी नव्हतीच. 'आम्हीही इंग्रजच आहोत, मग इंग्रजाचे हक्क आम्हाला का नाहीत?' हा त्यांचा सवाल होता. स्वातंत्र्याची मागणी फार उशिरा आली. मूळ रहिवाशांचं काय झालं, ते प्र. ११ मध्ये आहे.

२. परीक्षेसाठी महत्त्वाच्या तारखा एका दमात सांगाल का?

१७६३ : फ्रान्सशी सात वर्षं चाललेलं युद्ध संपलं. १७६५ : स्टॅम्प कायदा. १७७० : बॉस्टनचा गोळीबार. १६ डिसेंबर १७७३ : चहा समुद्रात. सप्टेंबर १७७४ : फिलाडेल्फियात पहिली कॉन्टिनेंटल काँग्रेस, म्हणजे वसाहतींच्या प्रतिनिधींची सभा. १९ एप्रिल १७७५ : लेक्झिंग्टन आणि काँकर्ड, युद्धाला तोंड फुटलं. ४ जुलै १७७६ : जाहीरनामा. ऑक्टोबर १७७७ : सॅराटोगा. फेब्रुवारी १७७८ : फ्रान्सशी तह. १९ ऑक्टोबर १७८१ : यॉर्कटाऊनची शरणागती. ३ सप्टेंबर १७८३ : पॅरिसचा तह. यातली जी तारीख नुसती पाठ होते आणि समजत नाही ती ४ जुलैची, त्यासाठी प्र. ८ वाचा.

३. दीडशे वर्षं सुखाने नांदल्यावर इंग्रजांनी अचानक कर का लावले?

कर्जापायी. फ्रान्सशी झालेल्या युद्धात ब्रिटनने कॅनडा मिळवला, पण तिजोरी रिकामी झाली. राष्ट्रीय कर्ज जवळजवळ दुप्पट होऊन १३ कोटी पौंडांच्या आसपास गेलं. वर अमेरिकेत कायमचं सैन्य ठेवायचं होतं. त्या सैन्याचा थोडा खर्च तरी वसाहतींनी उचलावा, असं लंडनचं म्हणणं होतं.

१७६४ मध्ये साखर आणि काकवीवरची जकात आली, १७६५ मध्ये स्टॅम्प कायदा. आपल्याला स्टॅम्प पेपर नवीन नाही, त्यामुळे हा कायदा मराठी वाचकाला चटकन कळतो. खरेदीखत, परवाना, कोर्टाचा कागद, वर्तमानपत्र, पंचांग, एवढंच काय, पत्त्यांचा कॅट आणि फासे यांवरसुद्धा सरकारी शिक्का हवा आणि त्याचे पैसे भरायचे. म्हणजे वकील, छापखानेवाला, व्यापारी आणि गुत्त्याचा मालक असे गावात ज्यांचा आवाज चालतो ते सगळे एकदम दुखावले. शिक्के विकायला नेमलेल्या माणसांना लोकांनी इतकं धमकावलं की एकेकाने राजीनामे दिले. मार्च १७६६ मध्ये पार्लमेंटने कायदा मागे घेतला, पण त्याच दिवशी दुसरा ठराव केला : वसाहतींसाठी कोणताही कायदा करण्याचा हक्क आमचाच. माघार घेतली, हक्क सोडला नाही. पुढच्या दहा वर्षांचं भांडण त्या एका दिवसात आहे.

४. कर खरोखर एवढे जाचक होते का?

नव्हते. ब्रिटनमधला सामान्य माणूस बॉस्टनमधल्या माणसापेक्षा कितीतरी जास्त कर भरत होता. म्हणूनच 'करांच्या ओझ्याखाली दबलेली जनता पेटून उठली' हे वाक्य मला खटकतं. उत्तरपत्रिकेत ते खपेल, पण खरं नाही.

वाद रकमेचा नव्हता, हक्काचा होता. व्हर्जिनियात १६१९ पासून लोकांनी निवडलेली सभा होती आणि इतर वसाहतींतही पुढे तशाच सभा आल्या. आपल्यावरचे कर आपण ठरवायचे, ही सवय चार-पाच पिढ्यांची होती. ज्या पार्लमेंटमध्ये आपला एकही माणूस नाही ते आपल्या खिशात हात घालतं, हे त्यांना मान्य नव्हतं. 'प्रतिनिधित्व नाही तर कर नाही' ही घोषणा यातून आली. लंडनचं उत्तर होतं की मँचेस्टर आणि बर्मिंगहॅमलाही पार्लमेंटमध्ये स्वतःचा प्रतिनिधी नाही, सभासद साऱ्या साम्राज्याचा विचार करतात. उत्तर अगदीच पोकळ नव्हतं, पण तीन हजार मैल दूर बसलेल्यांना ते पटणं शक्य नव्हतं.

५. चहाच्या कायद्याने चहा उलट स्वस्त होणार होता म्हणतात. मग तो समुद्रात का फेकला?

मला सगळ्यात आवडणारा प्रश्न हाच. होय, स्वस्तच होणार होता. ईस्ट इंडिया कंपनी तेव्हा दिवाळ्याच्या काठावर होती आणि लंडनच्या तिच्या गोदामांत चहा पडून होता. १७७३ च्या कायद्याने कंपनीला तो थेट अमेरिकेत विकायची मुभा मिळाली. इंग्लंडमधली जकात माफ झाली, मात्र अमेरिकेत उतरताना पौंडामागे तीन पेन्सची जकात कायम राहिली. म्हणजे स्वस्त चहाचा प्रत्येक घोट घेताना पार्लमेंटचा कर लावण्याचा हक्क मान्य केल्यासारखं होणार होतं. दुसरं कारण धंद्याचं : माल ठरावीक मर्जीतल्या व्यापाऱ्यांकडेच येणार होता. बॉस्टनमध्ये त्यांत गव्हर्नर हचिन्सनचे दोन मुलगे होते. बाकीचे व्यापारी बुडणार आणि डच चहाची चोरटी आयात करणारेही बुडणार.

न्यूयॉर्क आणि फिलाडेल्फियाहून चहाची जहाजं परत पाठवण्यात आली. बॉस्टनचा गव्हर्नर अडून बसला. नियम असा होता की जहाज आल्यापासून वीस दिवसांत जकात भरली नाही तर माल सरकारजमा. 'डार्टमाउथ' जहाजाची मुदत १७ डिसेंबरला संपत होती. आदल्या संध्याकाळी ओल्ड साउथ सभागृहात हजारोंची गर्दी जमली. जहाज परत पाठवायला गव्हर्नरचा नकार आला आणि मोहॉक या मूळ रहिवासी जमातीच्या लोकांसारखी सोंगं घेतलेली माणसं धक्क्याकडे निघाली. तीन जहाजांवरच्या ३४० च्या वर पेट्या कुऱ्हाडींनी फोडायला साधारण तीन तास लागले. पाण्याला ओहोटी होती, त्यामुळे चहा बुडेना, जहाजांच्या कडेला त्याचे ढीग साचले. दुसऱ्या दिवशी होड्यांतून जाऊन वल्ह्यांनी बडवून तो बुडवावा लागला. ९२,००० पौंडांहून जास्त वजनाचा चहा गेला, पण जहाजावरच्या दुसऱ्या मालाला कोणी हात लावला नाही.

'टी पार्टी' हे नाव तेव्हाचं नाही, ते पन्नासेक वर्षांनी रूढ झालं. त्या काळचे लोक 'चहाचा नाश' म्हणत.

६. तो चहा आपल्या आसामचा होता ना?

नाही. सगळा चहा चीनचा होता. बहुतेक 'बोही' नावाचा काळा चहा, थोडा हिरवाही. आसामात चहाचे मळे उभे राहिले ते १८३० च्या दशकानंतर.

हिंदुस्थानचा संबंध आहे, पण वेगळा आणि जास्त अस्वस्थ करणारा. १७७० च्या बंगालच्या दुष्काळाच्या बातम्या अमेरिकेत पोचल्या होत्या. जॉन डिकिन्सन या पेनसिल्व्हेनियाच्या वकिलाने नोव्हेंबर १७७३ मध्ये टोपणनावाने एक पत्र छापलं. त्याचा आशय असा : या कंपनीने बंगालात धान्य गिळून भाव चढवले, लाखो माणसं उपाशी मेली, आणि आता तिची नजर आपल्याकडे वळली आहे. बॉस्टनमधल्या चहाच्या पेटीमागे बंगालचा भुकेला माणूस उभा होता, हे आपल्या पाठ्यपुस्तकांत यायला हवं असं मला मनापासून वाटतं.

७. 'बॉस्टन हत्याकांड' म्हणजे त्यांचं जालियनवाला बाग का?

नाव सारखं वाटतं, घटना नाही. ५ मार्च १७७० ला जमाव आठ-नऊ शिपायांवर बर्फाचे गोळे, दगड आणि काठ्या फेकत होता. घाबरून गोळ्या सुटल्या आणि एकूण पाच माणसं मेली. त्यांत क्रिस्पस अटक्स हा आफ्रिकी आणि मूळ रहिवासी अशा मिश्र वंशाचा खलाशी होता. पुढचा भाग जास्त महत्त्वाचा आहे. शिपायांचं वकीलपत्र घेतलं जॉन ॲडम्सने, जो पुढे अमेरिकेचा दुसरा राष्ट्राध्यक्ष झाला. कॅप्टन आणि सहा शिपाई सुटले. दोघांना सदोष मनुष्यवधासाठी अंगठ्यावर डाग देण्यात आला. आपल्याच गावाचा रोष पत्करून ॲडम्सने न्यायालयात बाजू मांडली, हे मला त्या लढ्यातल्या मोठ्या गोष्टींपैकी एक वाटतं.

८. ४ जुलै १७७६ ला अमेरिका स्वतंत्र झाली का?

त्या दिवशी स्वातंत्र्याच्या जाहीरनाम्याचा मजकूर मंजूर झाला. स्वातंत्र्याचा ठराव २ जुलैला झाला होता. ३ तारखेला जॉन ॲडम्सने बायकोला लिहिलं की २ जुलै हा दिवस पुढच्या पिढ्या थाटात साजरा करतील. बहुतेकांच्या सह्या २ ऑगस्टला झाल्या. एकूण सह्या ५६. न्यूयॉर्कने तर ९ जुलैला होकार दिला.

त्याच ९ तारखेला न्यूयॉर्कमध्ये सैनिकांना जाहीरनामा वाचून दाखवला. त्यानंतर जमावाने तिसऱ्या जॉर्ज राजाचा घोड्यावरचा पुतळा दोर लावून खाली ओढला. पुतळा शिशाचा होता. त्याचे तुकडे कनेक्टिकटला नेऊन तिथल्या घरच्या बायका-मुलांनी ते वितळवले आणि ४२,००० च्या वर गोळ्या ओतल्या.

ब्रिटनने स्वातंत्र्य मान्य केलं ते १७८३ च्या तहात. म्हणजे ४ जुलै हा घोषणेचा दिवस आहे. आपल्या १५ ऑगस्टशी त्याची तुलना करताना हा फरक लक्षात ठेवा.

९. 'सर्व माणसे समान' लिहिणाऱ्यांच्या घरी गुलाम कसे?

याचं समाधान करणारं उत्तर नाही, आणि मी ते बनवूनही देणार नाही. जाहीरनामा लिहिणाऱ्या थॉमस जेफरसनच्या मालकीचे आयुष्यभरात सहाशेच्या वर गुलाम होते. गुलामांच्या व्यापाराचा दोष राजावर ठेवणारा एक उतारा त्याच्या मसुद्यात होता. काँग्रेसने तो खोडला. साउथ कॅरोलायना आणि जॉर्जियाला तो नको होता, आणि उत्तरेकडच्या काही व्यापाऱ्यांचेही हात त्यात होते.

गुलामांनी मात्र हे शब्द ऐकले आणि स्वतःसाठी वापरले. मॅसॅच्युसेट्समध्ये एलिझाबेथ फ्रीमन या बाईने राज्याच्या घटनेतलं 'सर्व माणसे जन्मतः स्वतंत्र आणि समान' हे कलम ऐकलं, वकील गाठला आणि १७८१ मध्ये मालकाविरुद्धचा खटला जिंकून ती सुटली. दुसरीकडे, नोव्हेंबर १७७५ मध्ये व्हर्जिनियाच्या ब्रिटिश गव्हर्नरने जाहीर केलं होतं की बंडखोरांचे जे गुलाम आमच्या बाजूने लढतील ते मोकळे. हजारो पळाले. त्यांत खुद्द बंडखोरांचा सेनापती जॉर्ज वॉशिंग्टन याच्या घरचा हॅरी होता. तो ब्रिटिशांकडे गेला, युद्धानंतर नोव्हा स्कॉशियात आणि तिथून सिएरा लिओनला पोचला. त्याच्यासाठी स्वातंत्र्य कोणत्या झेंड्याखाली होतं? अमेरिकेच्या बाजूनेही सुमारे ५,००० कृष्णवर्णीय सैनिक लढले, हेही तितकंच खरं.

१०. सगळे वसाहतकरी स्वातंत्र्याच्या बाजूने होते का?

नाही. गोऱ्या लोकांपैकी साधारण पाचवा हिस्सा राजनिष्ठ होता असा अभ्यासकांचा अंदाज आहे, आणि पुष्कळ जण नुसते कुंपणावर बसलेले होते. घराघरांत फूट पडली. लढ्याचा एक पुढारी बेंजामिन फ्रँकलिन याचा मुलगा विल्यम न्यू जर्सीचा गव्हर्नर होता आणि शेवटपर्यंत राजाशी एकनिष्ठ राहिला. बापलेकांचं नातं पुन्हा जुळलं नाही. राजनिष्ठांची घरं लुटली, काहींना गरम डांबर फासून पिसं चिकटवून गावभर फिरवलं. युद्धानंतर सुमारे ६०,००० लोक देश सोडून गेले, त्यांतले बरेच कॅनडात.

११. मूळ रहिवाशांनी कोणाची बाजू घेतली?

वेगवेगळ्या जमातींनी वेगवेगळी. १७६३ मध्ये राजाने ॲपलाचियन डोंगरांपलीकडे वसाहतकऱ्यांनी वस्ती करू नये असा हुकूम काढला होता. जमिनीला हपापलेल्या वसाहतकऱ्यांना तो जाच वाटला आणि मूळ रहिवाशांना आधार. त्यामुळे अनेक जमाती ब्रिटिशांकडे गेल्या. इरोक्वाय संघात मोहॉक वगैरे ब्रिटिशांबरोबर होते, तर ओनायडा आणि टस्करोरा अमेरिकनांबरोबर. शेकडो वर्षांचा संघ फुटला. १७७९ मध्ये वॉशिंग्टनच्या हुकमावरून आलेल्या फौजेने इरोक्वायांची ४० गावं, उभी मक्याची शेतं आणि फळबागा जाळल्या. १७८३ च्या तहात त्यांचा उल्लेखसुद्धा नाही. ज्यांची जमीन होती त्यांना न विचारता ब्रिटनने ती मिसिसिपीपर्यंत देऊन टाकली.

१२. बायकांचा काही वाटा होता का?

मोठा. ब्रिटिश मालावरचा बहिष्कार बायकांशिवाय चालणंच अशक्य होतं. कापड घरी विणायचं आणि चहाऐवजी रानातल्या पाल्याचा काढा प्यायचा, हे त्यांनी निभावलं. जमून सूत कातण्याचे कार्यक्रम होत. मराठी घरांत चरख्याच्या आठवणी आहेत, त्यामुळे हे चित्र आपल्याला परकं वाटू नये. डेबोरा सॅम्प्सन पुरुषवेशात सैन्यात भरती झाली, जखमी झाली, आणि पुढे तिला पेन्शन मिळालं. ॲबिगेल ॲडम्सने मार्च १७७६ मध्ये नवऱ्याला लिहिलं की नवे कायदे करताना बायकांना विसरू नका. जॉनने ते हसण्यावारी नेलं. फक्त न्यू जर्सीत मालमत्ता असलेल्या बायकांना मत देता येत होतं. १८०७ मध्ये तेही काढून घेतलं.

१३. वॉशिंग्टन गनिमी काव्याने जिंकला का?

दक्षिणेत कॅरोलायनाच्या दलदलीतून फ्रान्सिस मॅरियनसारखे लोक तशा पद्धतीने लढले. वॉशिंग्टनला मात्र युरोपसारखी कवायती फौज हवी होती आणि त्याने तीच उभी केली. जिंकलेल्या लढायांपेक्षा हरलेल्या जास्त. त्याचं श्रेय असं की त्याने फौज मोडू दिली नाही. डिसेंबर १७७६ मध्ये सगळं संपल्यासारखं होतं. नाताळच्या रात्री बर्फाचे तुकडे वाहत असलेली डेलावेअर नदी २,४०० माणसांनिशी ओलांडून त्याने ट्रेंटनला ब्रिटिशांच्या भाडोत्री जर्मन पलटणीवर छापा घातला आणि सुमारे ९०० कैदी पकडले. पुढच्या वर्षीच्या हिवाळ्यात व्हॅली फोर्जच्या छावणीत एकही लढाई न होता जवळपास २,००० माणसं रोगराईने गेली.

१७७७ मध्ये त्याने साऱ्या फौजेला देवी टोचून घेण्याचा हुकूम दिला. तेव्हाची टोचणी म्हणजे रोग्याच्या फोडातली लस निरोग्याच्या हातावर चिरा देऊन घालायची, त्यात जीवही जायचा. एवढी जोखीम घेऊन त्याने देवीची साथ आटोक्यात आणली. माझ्या मते त्याच्या कुठल्याही लढाईपेक्षा हा निर्णय मोठा.

१४. फ्रान्समध्ये राजेशाही होती. तिने प्रजासत्ताकाला मदत का केली?

१७६३ च्या पराभवाचा वचपा काढायला. आधी गुपचूप दारूगोळा येत होता. सॅराटोगाला ब्रिटिशांची अख्खी फौज शरण आल्यावर, फेब्रुवारी १७७८ मध्ये उघड तह झाला. मग स्पेन आणि हॉलंडही ब्रिटनशी लढू लागले आणि वसाहतींचं भांडण जगभराचं युद्ध झालं. फ्रान्सला त्याचा खर्च झेपला नाही. १७८९ च्या राज्यक्रांतीआधीच्या दिवाळखोरीत या युद्धाच्या कर्जाचा मोठा वाटा आहे.

१५. यॉर्कटाऊनला हरलेला कॉर्नवॉलिस आणि आपल्याकडचा कॉर्नवॉलिस एकच का?

एकच. सप्टेंबर १७८१ मध्ये फ्रेंच आरमाराने चेसापीक खाडीचं तोंड अडवलं. जमिनीवरून वॉशिंग्टन आणि फ्रेंच सेनापती रोशांबो आले आणि कॉर्नवॉलिस कोंडला गेला. शरणागतीच्या दिवशी त्याने आजाराचं कारण सांगून दुय्यम अधिकारी ओहारा याला पुढे केलं. ओहारा तलवार घेऊन आधी रोशांबोकडे वळला. रोशांबोने वॉशिंग्टनकडे बोट दाखवलं. वॉशिंग्टनने त्याला आपल्या दुय्यमाकडे, बेंजामिन लिंकनकडे पाठवलं. या लिंकनलाच आदल्या वर्षी चार्ल्सटनला ब्रिटिशांपुढे शरण जावं लागलं होतं.

पाच वर्षांनी, १७८६ मध्ये, कॉर्नवॉलिस गव्हर्नर जनरल होऊन कलकत्त्याला आला. बंगालची कायमधारा त्याचीच. टिपूविरुद्धच्या १७९०-९२ च्या युद्धात हरिपंत फडके आणि परशुरामभाऊ पटवर्धन मराठी फौजा घेऊन त्याच्या बरोबर होते. १८०५ मध्ये तो गाझीपूरला वारला.

१६. त्याच काळात मराठे इंग्रजांशी लढत होते. त्याचा एकमेकांशी संबंध होता का?

थेट युती नव्हती, पण धागे होते. १७७७ मध्ये सेंट ल्युबिन हा फ्रेंच वकील पुण्यात नाना फडणवीसांकडे आला आणि इंग्रजांची झोप उडाली. मराठे आणि फ्रेंच एकत्र येतील, या धास्तीनेही वॉरन हेस्टिंग्सने बंगालमधून फौज पश्चिमेकडे धाडली. मुंबईकर इंग्रजांची फौज जानेवारी १७७९ मध्ये वडगावला मराठ्यांपुढे नमली. सॅराटोगानंतर पंधरा महिन्यांनी. इंग्रजांना एकाच वेळी अमेरिका, युरोप, म्हैसूर आणि मराठे असे चहूकडे पुरे पडायचं होतं. १७८२ च्या सालबाईच्या तहामागे ही ओढाताणही आहे.

यॉर्कटाऊनला युद्ध संपलं, हाही गैरसमज आहे. युद्धातली शेवटच्या लढायांपैकी एक आपल्या कोरोमंडल किनाऱ्यावर, कडलूरजवळ जून १७८३ मध्ये झाली. प्राथमिक तह जानेवारीतच झाला होता, पण ही बातमी जहाजाने यायची होती.

१७. कॅनडा चौदावी वसाहत का झाली नाही?

बोलावणं गेलं होतं, फौजही गेली. क्वेबेकमधल्या फ्रेंच कॅथलिकांना १७७४ च्या कायद्याने धर्म आणि जुने फ्रेंच दिवाणी कायदे पाळायची मोकळीक मिळाली होती. त्यांना बंडाचं कारण उरलं नव्हतं. १७७५ च्या शेवटच्या दिवशी हिमवादळात क्वेबेकवर केलेला हल्ला फसला आणि सेनापती माँटगोमेरी मारला गेला. पुढे काय झालं, ते प्र. १० मधल्या राजनिष्ठांशी जोडून वाचा.

१८. तहानंतर लगेच आजची अमेरिका तयार झाली का?

नाही. आधी १३ राज्यांची सैल मोट होती, तिला कर लावायचाही अधिकार नव्हता. १७८७ मध्ये फिलाडेल्फियात नवी घटना लिहिली गेली. वॉशिंग्टन ३० एप्रिल १७८९ ला राष्ट्राध्यक्ष झाला, तेही न्यूयॉर्कमध्ये.

१९. या लढ्याचा महाराष्ट्रातल्या विचारांवर काही परिणाम झाला का?

झाला, आणि तो एका माणसाच्या लेखणीतून. थॉमस पेन इंग्लंडहून १७७४ च्या शेवटी फिलाडेल्फियात उतरला, खिशात फ्रँकलिनची चिठ्ठी. जानेवारी १७७६ मध्ये त्याने साध्या, सडेतोड भाषेत एक पुस्तिका काढली आणि राजा नावाची गोष्टच नको, हे विणकर-लोहारालाही पटवलं. पुढे त्याने माणसाच्या हक्कांवर ग्रंथ लिहिला. तो ग्रंथ पुण्यात तरुण जोतीराव फुल्यांनी वाचला आणि त्यांच्या विचारांवर त्याचा खोल ठसा उमटला.

जोतीरावांनी १८७३ मध्ये 'गुलामगिरी' अमेरिकेतल्या लोकांना अर्पण केली, म्हणून ती १७७६ च्या लढ्याला अर्पण आहे असं काही जण लिहितात. तसं नाही. अर्पणपत्रिकेत गौरव आहे तो निग्रो गुलामांना मुक्त करण्यासाठी झटलेल्या अमेरिकनांचा. प्र. ९ मध्ये जो उतारा खोडला गेला, त्याचं काम व्हायला १८६५ उजाडलं होतं, आणि पुण्यात बसून जोतीरावांनी दाद दिली ती त्या कामाला.